वर्गात एकही बघ्या नको

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. एवढा लांब मेसेज हल्ली कुणी करत नाही, म्हणजे प्रकरण मनाला लागलंय. शाळेने वसंतोत्सव तुझ्या गळ्यात घातलाय, इव्हेंटवाल्याचं कोटेशन आलंय, पिवळा बॅकड्रॉप, थर्माकोलची गुढी, सेल्फी पॉइंट, डान्ससाठी बारा पोरं निवडायची आणि उरलेल्या तिसांनी पिवळे कपडे घालून समोर बसून टाळ्या वाजवायच्या. आणि तुला आठवतेय तुझी कळव्याची शाळा, तसंच सगळं करावंसं वाटतंय, पण शिक्षिकेची पहिलीच नोकरी, मुख्याध्यापिका मॅडम काय म्हणतील. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे हे त्या इव्हेंटवाल्याला सांग आधी. कोटेशनमधला तेवढा आकडा तरी खाली येईल.)

आता ऐक. तुझी कळव्याची शाळा घणसोलीत, या नव्या शाळेत, उभी करायची नाहीये. ती आठवण तुझी आहे, त्या पोरांची नाही, त्यांच्यावर कशाला लादतेस? तुझाच मेसेज परत वाच. तिथल्या बाईंनी व्हरांड्यात गेरू सारवून चैत्रांगण, म्हणजे चैत्रातली रांगोळी, काढलं, चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गौरीचा पाळणा, सगळं लिहिलंयस, पण भाषण कुणी केलं ते आहे का त्यात? पाहुणे कोण होते? नाही. आहे काय, तर कासव तुझ्याकडे आलं होतं आणि त्याला पाच पाय झाले आणि पाचवा तू शेपटी म्हणून खपवलास. एवढ्या वर्षांनी ते कासव का राहिलं डोक्यात, कारण रांगोळीची चिमूट तुझ्या हातात होती. बाईंनीच सगळं सुबक काढून तुम्हाला रांगेत उभं करून दाखवलं असतं ना, तर आज मला हा मेसेज आलाच नसता.

म्हणून सांगते, वर्गात एकही बघ्या नको. बेचाळीस पोरं आहेत ना, मग बेचाळीस जणांना काम. ही एक गोष्ट धर, बाकी सगळं सोडलंस तरी चालेल.

आमची ठाण्याची, नौपाड्यातली शाळा, मी शिकत होते तेव्हाची. पाडव्याला सुट्टी, म्हणून शाळेची गुढी आदल्या दिवशी. वेळूची काठी मागच्या नळावर धुवायचं काम आम्हा पोरींकडे असायचं आणि कुणाच्या तरी बोटात कुसळ जायचंच, मग बाई सुई घेऊन बसायच्या आणि बाकीच्या पोरी घोळका करून बघायच्या की रडतेय का. तांब्याचा गडू चिंचेने घासायला तर मारामारी. आणि खलबत्ता. कडुलिंबाची कोवळी पानं, असला तर मोहोर, ओवा, मिरी, हिंग, मीठ, चिंच, गूळ, हे कुटायला ज्याला बसवायचे तो पोरगा दिवसभर हाताचा वास घेत फिरायचा. पुढे मी स्वतः शिकवायला लागल्यावर हे नीट बघितलंय, ज्यांनी कुटलं ती पोरं ती कडू गोळी तोंड वाकडं करून का होईना गिळतात, वर दुसऱ्याला चिडवतात. ज्यांच्या हातावर नुसती ठेवली ती खिडकीतून बाहेर. प्रसाद तोच, फरक फक्त कुटण्याचा.

तू म्हणशील बाई तुमच्या वेळी सगळी मराठी पोरं होती, माझ्या वर्गात अर्धा भारत आहे, पाडवा केला तर बाकीचे पालक म्हणणार आमचं काय. अगं मग उलट बरंय की! आपल्या पाडव्याच्याच दिवशी तेलुगू आणि कानडी घरांत उगादी असते. तेलुगू आई पच्चडी करते, त्यात कडुलिंबाची फुलं, गूळ, चिंच, कैरी, तिखट, मीठ, सहा चवी. आपली चटणी आणि त्यांची पच्चडी शेजारी शेजारी होऊ दे. मल्याळी पोरांचा विशू एप्रिलच्या मध्यावर, त्याला त्यांना कणिकोन्नाची पिवळी फुलं लागतात, म्हणजे आपला बहावा, नवी मुंबईत रस्त्याकडेला लावलेला असतो तोच. आणि ती बंगाली मुलगी आहे म्हणालीस, तिच्या आईला बोलव. आपल्याकडे एकच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढतात ती दसऱ्याला, त्यांच्याकडे सरस्वती वसंत पंचमीला, पुस्तकं देवीपुढे ठेवायची, त्या दिवशी अभ्यास बंद (हे ऐकून तुझा वर्ग बंगाली व्हायला तयार होईल), आणि लहान पोराचा हात धरून पहिलं अक्षर काढून घेतात, हातेखडी. बघ, तिथेही शेवटी पोराचा हातच.

यावरून एक अडचणीचा प्रश्न येणार, तयार राहा. वसंत पंचमी यंदा, 2026 ला, 23 जानेवारीला होऊन गेली, पाडवा 19 मार्चला. एखादं चौकस कार्टं विचारेल की टीचर, वसंत म्हणजे चैत्र-वैशाख असं पुस्तकात आहे, मग वसंत पंचमी माघात कशी, माघ तर शिशिरात. गप्प बस म्हणू नकोस त्याला. आंब्याला मोहोर कधी दिसला ते विचार. पळस, पांगारा, काटेसावर कधी फुलले. ठाण्याला येऊरच्या जंगलात माघ-फाल्गुनातच निष्पर्ण झाडांवर लाल-केशरी पेटलेलं असतं, विक्रोळीला हायवेवर ती गुलाबी टॅबेबुया फुलते, जिचे फोटो तुमच्या पालकांच्या ग्रुपवर येतात, ती पण तेव्हाच. पंचांगातला वसंत आणि झाडावरचा वसंत वेगवेगळे येतात हे त्यांना स्वतः सापडू दे. एकेकाला एक झाड दे, सोसायटीतलं, रस्त्यावरचं, कुठलंही, पाडव्यापर्यंत त्याने त्याच्यावर नजर ठेवायची. त्याला खर्च शून्य.

पाडव्याच्या स्वागतयात्रेत पोरं पाठवा असं पत्र शाळेला येईल, तेव्हाही हेच लक्षात ठेव. डोंबिवलीत 1999 ला सुरू झाली ती, मग ठाण्यात, आता गावोगाव. मला यात्रा आवडते, तलावपाळीला लेझीम ऐकू आलं की अजून पाय थांबत नाहीत माझे. पण चित्ररथावर नऊवारी नेसवून जिजाऊ म्हणून उभी केलेली ती सात वर्षांची पोर, उन्हात, हलायचं नाही, पाणी प्यायला कुणी देत नाही, तिला काय मिळतं? सगळे तिला बघतात म्हणून ती बघ्या नाही असं थोडंच आहे. लेझीमला पाठव. चुकू देत.

आता तू विचारलंस की तुम्हाला कधी त्रास झाला का. झाला. एका वर्षी मी पळसाची फुलं आणवली होती, रस्त्यावर पडलेली, येऊरच्या पायथ्याची, ती रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गरम केली की झकास केशरी रंग सुटतो. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात रंग धुळवडीलाच खेळून मोकळे होतात, रंगपंचमी नावालाच, म्हणून म्हटलं शाळेत पंचमीला करू. नेमके त्याच दिवशी संस्थेचे पाहुणे. स्टेजवर कुणी नाही, सगळा वर्ग व्हरांड्यात, युनिफॉर्म केशरी. पाहुणे खूश होते बरं का, त्यांनी स्वतःच्या रुमालावर रंग लावून घेतला. पण संस्थेच्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे होते. पुढे पर्यवेक्षिकापद माझ्या मागून आलेल्या बाईंना मिळालं. कारण हेच, असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारायला गेले नाही. हट्टी आहे म्हणायचे मला स्टाफरूममध्ये. होतेच. मग काय करायला हवं होतं मी, बारा गोरीगोमटी पोरं निवडून बाकीच्यांना गप्प बसवायचं? ते तर कुणालाही जमतं, त्यासाठी डीएड कशाला करायचं. मला तेव्हाही बरोबर वाटत होतं आणि आजही वाटतं, आणि त्या पदाचे वाढीव पैसे घरात आले असते तर बरं झालं असतं हेही खरं आहे, दोन्ही खरं आहे.

खंत आहे ती वेगळीच. शाळेच्या मागच्या अंगणातला कडुलिंब एका मे महिन्याच्या सुट्टीत कापला, जूनमध्ये आलो तर पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. त्यानंतर पाडव्याला जांभळी नाक्यावरून गाठींबरोबर कडुलिंबाची जुडी विकत आणायला लागले. पोरांना वाटायला लागलं कडुलिंब जुडीतच उगवतो. तुमच्या शाळेच्या आवारात झाड असेल तर त्याच्यावर लक्ष ठेव, सुट्टीत विशेष.

पन्ह्याचं विचारलंस. कर. चैत्रगौरीचं हळदीकुंकू पाडव्यानंतर तिजेपासून सुरू होतं, तोवर तुमची सुट्टी लागेल, म्हणून आधीच कर, कुणी पंचांग घेऊन तपासायला येत नाही. वर्गात गॅस नको, कैऱ्या सालासकट घरी उकडून ने, थंड झाल्या पाहिजेत. पोरांची नखं बघ, हात साबणाने धुवून घे, मग एकेक कैरी हातात दे आणि बाजूला हो. साल सुटून गर बोटांमधून बाहेर येतो तेव्हा पहिल्यांदा किळस, मग दुसरी कैरी मागतात. कोपरापर्यंत ओघळ जातील, एक जण कोय चोखत बसेल, बसू दे. गूळ बारीक चिरून आधीच ठेव, सुरी त्यांना नको. चव बघून अजून गूळ हवा का मीठ, हे त्यांनी ठरवायचं. तू नाही! गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या शाळेत पन्हं आलं ते पावडरचं, बाटलीतून ओतून, आणि वर त्याचा रील. असो.

आणि मॅडम काय म्हणतील हे तू सारखं सारखं लिहिलंयस, वाचून वैताग आला मला. अगं त्यांना अ‍ॅडमिशनसाठी फोटो हवेत, त्यात गैर काही नाही, शाळा चालवायचीय त्यांना. तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळा पाडव्यालाच नव्या मुलांचे प्रवेश करून घेतात की. बॅकड्रॉप लावा म्हणावं, हवा तेवढा पिवळा लावा. पण बारा नाहीत, बेचाळीस. यावर मागे हटू नकोस. आणि नाच हवाच असेल तर सगळ्यांचा, बेसूर, बेताल, रांगा मोडलेला, तोही चालेल. गर लागलेल्या हातांचे फोटो काढून दे त्यांना, मग बघ कुठले फोटो पालक घरी पाठवतात.

माझं मोठं स्टीलचं पातेलं घेऊन जा, पितळेचं आंबटाला चालत नाही, आणि खलबत्ताही आहे, जड आहे, रिक्षाने ये. कैऱ्या आदल्या दिवशी घे, तोतापुरी घेऊ नकोस, आंबट हवी. मॅडमशी बोलण्याआधी फोन कर, मेसेज नको, मला एवढं टाइप करून बोटं दुखली. दुपारी दोन ते चार मात्र नको, झोपते मी.

तुझी बाई