माझ्या पाककृतींच्या मराठी वेबसाइटवर दिवाळीत गर्दी झाली की ती बंद पडते. होस्टिंग कंपनी तिप्पट दराचा प्लॅन घ्या म्हणतेय. घ्यावा का?

आत्ताच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की महिन्याला साधारण २ लाख वेळा पानं उघडली जातात, वर्डप्रेस आहे, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आहे आणि फराळाच्या आठवड्यात साइट बसते. एवढ्या माहितीवरून मला वाटतं की तुमचं काम आहे त्याच प्लॅनमध्ये भागेल.

मी वर्सोव्याला राहतो. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारी एक छोटी मराठी साइट चालवतो. एरवी तिथे शांतता असते. पण जुलैत मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती एकाच वेळी आली की अख्खी मुंबई पाणी कधी उतरणार ते शोधत असते. इथल्या बऱ्याच पर्जन्यवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे भरती असेपर्यंत पाणी समुद्रात जात नाही आणि हिंदमातासारख्या सखल भागात साचून राहतं. अशाच एका दुपारी माझी साइट बंद पडली. पडद्यावर ५०८ क्रमांकाची एरर, म्हणजे सर्व्हरवरचा तुमचा वाटा संपला, बहुतेक वेळा एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांचा (एकाच वेळी हाताळायच्या विनंत्यांचा). ज्या दिवसासाठी साइट काढली त्याच दिवशी ती लोकांच्या उपयोगी पडली नाही, हे मला फार लागलं.

मलाही कंपनीने मोठा प्लॅन सुचवला. मी घेतला, पैसे भरले, आणि पुढच्या उधाणाला साइट पुन्हा पडली. मग मी पहिल्यांदा अ‍ॅक्सेस लॉग (कोणी कधी कोणतं पान मागितलं याची सर्व्हरवरची नोंद) उघडून बसलो. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी ठरलेलं असतं आणि सगळ्यांसाठी एकच असतं. तरीही येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी वर्डप्रेस आपला पीएचपी प्रोग्रॅम चालवून, डेटाबेसला विचारून तेच पान नव्याने बनवत होतं.

तुमची चकलीची कृतीही सगळ्यांना सारखीच दिसते. ते पान एकदा बनवून ठेवा आणि तयार पान वाटत राहा. यालाच कॅशिंग म्हणतात. डब्ल्यूपी सुपर कॅशसारखं फुकट प्लगइन एवढ्यासाठी पुरतं. पान फक्त एक मिनिट साठवलं तरी किती फरक पडतो बघा: सेकंदाला २०० माणसं आली तर मिनिटाला १२,००० वेळा पान बनवायचं, त्याऐवजी एकदाच. लॉगिन केलेल्या माणसाची पानं आणि कुठे काही विकत असाल तर ती खरेदीची पानं मात्र यातून वगळा, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल.

आता तुमचा आकडा. महिन्याला २ लाख म्हणजे सरासरी १३ सेकंदांना एक पान. हा भार काहीच नाही. त्रास होतो तो लाट एकदम येते म्हणून, आणि त्या लाटेत सगळीच माणसं नसतात म्हणून. लॉगमध्ये 'डब्ल्यूपी-लॉगिन' आणि 'एक्सएमएल-आरपीसी' या फाइलींची नावं शोधा. माझ्याकडे तिथे पासवर्ड ठोकून बघणाऱ्या बॉटची (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची) रांग लागली होती, आणि त्यांचा खर्च मी भरत होतो. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅपमधून साइट चालवायची सोय) वापरत नसाल तर बंद करा. भाषेच्या मॉडेलसाठी मजकूर गोळा करणारे बॉटही आता येतात. ओपनएआयने आपल्या जीपीटीबॉटची ओळख २०२३ मध्ये जाहीर केली, त्याला रोबॉट्स फाइलमधून नको म्हणता येतं. पण ती फाइल म्हणजे दारावरची पाटी. ती न जुमानणाऱ्यांना फायरवॉलनेच अडवावं लागतं.

बँडविड्थचा, म्हणजे साइटवरून बाहेर जाणाऱ्या डेटाचा, खर्च बहुतेक करून फोटोंमुळे वाढतो. मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवला असेल तर वाचणाऱ्याच्या साडेसहा इंची पडद्यावर त्याचा काही उपयोग नाही. ८०० ते १२०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलक्या फाइलीचा फोटो) पुरतो. पान सरासरी ३ एमबीचं धरलं तर २ लाख पानांचे ६०० जीबी होतात, तेच ४०० केबीवर आणलं तर ८० जीबी. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबईतल्या केंद्रातून, उदाहरणार्थ, बाहेर जाणाऱ्या डेटाला पहिल्या फुकट १०० जीबीनंतर दर जीबीला सुमारे ११ सेंट पडतात, त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे ६०० जीबीला ५५ डॉलरच्या आसपास आणि ८० जीबीला शून्य.

आपल्या लिपीपुरती एक गोष्ट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या वेबवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणून मराठी पान इंग्रजीपेक्षा जड असतं. जीझिप किंवा ब्रॉटली (पान दाबून लहान करून पाठवायची सोय) चालू केलं की ते चांगलंच आकसतं, फक्त चालू आहे ना ते बघा. फाँटचं तसं नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल मोठी असते, आणि चार-चार जाडीचे फाँट लावले की पहिलं अक्षर दिसायलाच वेळ लागतो. मी दोनच ठेवले.

यानंतर सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या केंद्रांत ठेवणारी सेवा. क्लाउडफ्लेअरची फुकट योजना तुमच्या साइटला पुरेल. तुमचा सर्व्हर अमेरिकेत असला तरी फोटो वाचकाच्या जवळच्या केंद्रातून जातात. समुद्राखालून येणाऱ्या केबल माझ्या घराजवळ वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, पण म्हणून प्रत्येक मोदकाचा फोटो अटलांटिकपलीकडून आणायची गरज नाही. इथे बरेच जण फसतात: क्लाउडफ्लेअर आपणहून फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट साठवतं, एचटीएमएल पान, म्हणजे कृतीचं मूळ पान, साठवत नाही. त्यासाठी वेगळा नियम लावावा लागतो. तो लावला नाही तर प्रत्येक पानासाठी हेलपाटा तुमच्या सर्व्हरकडेच.

'अनलिमिटेड बँडविड्थ' या शब्दांवर जाऊ नका. शेअर्ड होस्टिंगमध्ये मर्यादा असते ती सीपीयूची आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची. कंपनीला फोन करून हे दोन आकडे लेखी मागा. मी मागितले तेव्हा कळलं की मोठ्या प्लॅनमध्ये जागा वाढली होती, प्रक्रियांची मर्यादा होती तेवढीच होती.

ज्यात वापराप्रमाणे बिल येतं अशा क्लाउडवर सध्या जाऊ नका. तिथली बजेटची सूचना ईमेल पाठवते, आपणहून सर्व्हर थांबवत नाही. घरखर्चातून साइट चालवणाऱ्याला महिन्याची ठरलेली रक्कमच बरी. पुढे साइटवर ऑर्डर घ्यायला लागलात, किंवा प्रत्येकाला वेगळं पान दाखवायचं ठरवलंत, तर व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग) घ्या. तेव्हा तो खर्च रास्त असेल.

आधी लॉग बघा, मग कॅश लावा, मग फोटो. हे सगळं दसऱ्याच्या आत उरका, म्हणजे चुकलं तर निस्तरायला दोन-तीन आठवडे हातात राहतील. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत थीम, प्लगइन, सेटिंग कशालाही हात लावू नका.