परभणीच्या मित्राकडचा .२२३ चा मझल ब्रेक माझ्या .३०८ च्या कस्टम रायफलला चालेल का?

नाही, आटे जुळून ब्रेक (नळीच्या तोंडावर लावायचा, धक्का कमी करणारा तुकडा) पूर्ण बसला तरी तो लावू नका. .३०८ ची गोळी ७.८२ मिमी जाडीची, .२२३ ची जेमतेम ५.७; लहान भोकातून ती जाणार नाही, ब्रेकवर आदळेल, तुकडे उडतील आणि शेजारच्या लेनवरच्या माणसाला लागतील. फसगत होते ती आट्यांमुळेच. .३०८ ला बहुतेक ५/८-२४ (आधी व्यास इंचात, मग दर इंचाला किती आटे) आणि .२२३ ला १/२-२८ आटे असतात, पण कस्टम नळीवर काय पाडलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. त्याच्याकडून माप लेखी घ्या. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा साधारण अर्धा मिमी मोठं हवं, म्हणजे तुमच्यासाठी ८.३ च्या आसपास. बसवल्यावर रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि अलाइनमेंट रॉड (नळीच्या छिद्रात नेमका बसणारा सरळ गज) नळीतून घालून समोरून बघा: रॉड भोकाच्या मधोमध दिसला पाहिजे. एका कडेला सरकलेला दिसला तर आटे नळीच्या छिद्राशी सरळ रेषेत नाहीत, एकही फैर झाडू नका. नळीवर आटेच नसतील तर लेथवाल्याकडे जाऊ नका, नांदेड-परभणीतला टर्नर कितीही कसबी असो. शस्त्र कायद्याप्रमाणे हे काम परवानाधारक गनस्मिथनेच करायचं असतं. आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनी स्पर्धा खेळणार असाल तर खर्चच करू नका, तिथे रायफलवर मझल ब्रेकला बंदी आहे.