क्रोनच्या ऑपरेशननंतर हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेल?

ताई, क्रोन (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार) म्हणून तुमच्या यजमानांचं लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलंय, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातले काका म्हणतायत की ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबून आजार आवरणारी गोळी) सोडा, कर्क्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या) कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा चालू करा. मी स्वतः क्रोनचा जुना पेशंट, डॉक्टर नाही. तरी सांगतो: डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲझाथायोप्रिन सोडू नका.

जवळपास असाच प्रयोग फ्रान्समध्ये झाला, 2020 मध्ये छापून आला. ऑपरेशन झालेले 62 क्रोनचे पेशंट, ॲझाथायोप्रिन सगळ्यांना, काहींना शिवाय रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपीत (कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून बघतात त्यात) फायदा काही दिसला नाही. उलट आजार जोरात परतलेले कर्क्युमिनवाल्यांतच जास्त निघाले, 55 टक्के विरुद्ध 26.

काका अगदीच हवेत बोलत नाहीयेत. 2006 च्या जपानी अभ्यासात कर्क्युमिनचा फायदा दिसला होता, पण तो अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या वेगळ्या आजारात, नेहमीची औषधं चालू ठेवून. तो निकाल ऑपरेशन झालेल्या क्रोनला लावता येत नाही.

आणि स्वयंपाकातली हळद वेगळी. तिच्यात कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के, म्हणजे त्या प्रयोगातल्या डोसासाठी रोज 100 ग्रॅम पूड खावी लागेल! थंडीत खंडेराव मार्केटातून ओली हळद आणून लोणचं घाला खुशाल, औषध म्हणून नको.

गुळवेल मात्र नकोच. 2021 मध्ये मुंबईच्या लिव्हर तज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेले पेशंट नोंदवले आहेत. ॲझाथायोप्रिननेही लिव्हरला त्रास होऊ शकतो, म्हणून तर अधूनमधून रक्त तपासतात. एसजीपीटी (रक्तातला लिव्हरचा आकडा) वाढलं तर दोष कुणाचा, हे कळायचं नाही आणि बंद होईल ती कामाची गोळी.

'काढा घेतो, एकदम बरं वाटतंय' यावर जाऊ नका. ऑपरेशनमध्ये आतडं जोडलं त्या जागेजवळचे व्रण सुरुवातीला काही जाणवू देत नाहीत. म्हणूनच सहा महिने ते वर्षाच्या आत कोलोनोस्कोपी करतात, ती टाळू नका. मधे कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी, करायची का ते विचारा. उलटही होतं: ते टोक काढल्यावर पित्त मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होतात, आणि माणूस आजार परतला म्हणून घाबरतो. त्याला वेगळी पावडर मिळते. बी-12 ही तपासून घ्या.

यजमान सिगारेट-विडी ओढतात का, ते लिहिलं नाहीत. ओढत असतील तर आधी ती सोडवा; क्रोन परतण्याचा धोका तिने साधारण दुप्पट होतो.