बायपोलर आहे असं निदान झालेल्या भावाला आवाज ऐकू येतायत, म्हणजे हा स्किझोफ्रेनिया आहे का?

नाही, फक्त आवाज ऐकू येतात म्हणून स्किझोफ्रेनिया ठरत नाही, बायपोलर-१ (ज्यात मूड अति चढतो, म्हणजे मॅनिया येतो, तो प्रकार) असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना आयुष्यात कधी ना कधी भास (नसलेलं ऐकू येणं, दिसणं) किंवा भ्रम (खोटी पण पक्की समजूत) होतात. डॉक्टर मानसिक आजारांच्या निदानासाठी ज्या डीएसएम-५ या पुस्तकाचे निकष वापरतात त्यात बघायचं असतं की हे कधी होतंय, म्हणजे मॅनिया किंवा डिप्रेशन चालू असतानाच होतंय आणि मूड जागेवर आला की जातंय, तर ते बायपोलरचाच भाग धरतात. बऱ्याचदा ते मूडला धरूनच असतं, मॅनियात 'मला देवाने खास कामासाठी निवडलंय' आणि डिप्रेशनमध्ये 'मी पापी आहे, माझ्यामुळे घर बुडालं', पण 'कोणीतरी माझ्या वाईटावर आहे' असा संशय दोन्हीत येऊ शकतो. मात्र मूड ठीक असतानाही दोन आठवडे किंवा जास्त भास राहिले तर स्किझोअफेक्टिव्हचा (स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं आणि मूडचा आजार दोन्ही असलेल्या आजाराचा) विचार करतात, आणि हे एका भेटीत कळत नाही, म्हणून झोप, मूड, आवाज हे तारखेसकट लिहून सायकियाट्रिस्टला दाखवा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका प्लीज. आवाज जीव द्यायला किंवा कुणाला मारायला सांगत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच हॉस्पिटलला न्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो.