शेळीची जखम आणि फिनेलची बाटली

भाऊ, आधी ती फिनेलची बाटली बाजूला ठेव. गोठ्याची जमीन धुवायला ती ठीक, पण जखमेत ओतलीस तर जंतूंबरोबर नवं मांसही जळतं आणि जखम महिनाभर चिघळत राहते. मीही सुरुवातीला हेच करायचो, जळजळ जितकी जास्त तितकं औषध भारी असं वाटायचं!

खरं काम धुण्यात आहे. एक लिटर पाणी उकळून कोमट कर, त्यात 9 ग्रॅम मीठ टाक. कडेचे केस कातर, मग मोठ्या सिरिंजने पू आणि घाण निघेपर्यंत धार मार. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लाव. धुण्यासाठी वापरायचं असेल तर कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ कर. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज नको, त्यानेही भरत आलेली जखम मागे जाते. आणि एकावर एक तीन औषधं तर मुळीच नकोत.

किडे पडले असतील तर टर्पेंटाइन तेलात भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ आत ठेव, मग चिमट्याने एकेक वेच. हातमोजे घाल. शेळीने चारा सोडला, अंग तापलं किंवा जखम खोल असली, तर डॉक्टरला त्याच दिवशी बोलव.