मंगळवेढ्याच्या शेतकरी कंपनीला मालदांडी ज्वारीचं आणि हरभऱ्याचं प्रमाणित बियाणं स्वतःच्या पिशवीत विकायचंय, काय काय लागेल?

पहिल्या वर्षी हरभराच धरा, ज्वारीचं पुढं बघू. कारण खाली येईलच.

आधी परवान्याचं. शेतकऱ्यानं घरी पिकवलेलं बियाणं स्वतःच्या जागेवरून थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरायला दिलं, तर 1966 च्या बियाणे कायद्याचं कलम 24 त्याला मोकळं सोडतं. कंपनीनं छापील पिशवी दुकानात ठेवली की ही सूट गेली. मग 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालचा विक्री परवाना घ्यायचा, आणि निळा टॅग, म्हणजे प्रमाणित बियाण्याची खूण, हवा असेल तर महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे (मुख्यालय अकोला) बीजोत्पादक म्हणून नोंदणी करायची. दोन्ही कामं वेगळी आहेत, परवाना मिळाला म्हणून प्रमाणीकरण झालं असं समजू नका. प्रमाणीकरण तसं ऐच्छिकच आहे. सत्यप्रत, म्हणजे प्रमाणीकरण न करता विक्रेत्यानं स्वतःच्या लेबलवर हमी दिलेलं बियाणंही विकता येतं, पण उगवणीची किमान मर्यादा त्यालाही सुटत नाही.

वाण केंद्र सरकारनं अधिसूचित केलेला हवा. प्रमाणित बियाणं करायचं तर पेरायला पायाभूत, म्हणजे पांढऱ्या टॅगचं बियाणं आणा. बिल, टॅग आणि रिकाम्या पिशव्या जपून ठेवा. स्रोत पडताळणीत हेच मागतात, आणि पेरणी झाली की पिशव्यांत भुसा भरणारे सभासद प्रत्येक कंपनीत असतातच.

आता रान. प्रमाणित ज्वारीला विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या ज्वारीपासून सोडायचं अंतर, 100 मीटर लागतं. एकराच्या चौकोनी प्लॉटभोवती शंभर मीटर सोडायचे म्हणजे साधारण 14 एकर शेजार आला. मंगळवेढ्यात रब्बीला एवढ्या शेजारात ज्वारी नाही, असं शिवार दाखवा. "शेजारी पण मालदांडीच आहे की" हे चालत नाही, कारण त्याच वाणाचं पण शुद्धतेच्या निकषात न बसणारं पीकही तेवढंच लांब लागतं. शेजाऱ्यांना एकत्र घेऊन सलग पट्टा नोंदवता आला तरच ज्वारीत पडा. हरभऱ्याला 5 मीटर पुरतात.

हरभऱ्याची तपासणी किमान दोनदा होते: फुलोऱ्याआधी, आणि फुलं-घाटे असताना. हजार झाडांत दोनाहून जास्त भेसळ झाडं दिसली की प्लॉट बाद. म्हणून निरीक्षक यायच्या आधीच पानाचा, फुलाचा, उंचीचा फरक बघत फिरा आणि वेगळं झाड मुळासकट उपटून बांधाबाहेर टाका. प्लॉटमध्ये आधीच्या पिकाची आपोआप उगवलेली हरभऱ्याची झाडंही नकोत.

प्लॉट पास झाला तरी लॉट मळणीत बिघडतो. यंत्राचा वेग जास्त ठेवला की दाण्याची डाळ होते. काही दाणे वरून धड दिसतात, पण उगवत नाहीत. हरभऱ्याला 85 टक्के उगवण लागते, शुद्ध बियाणं 98 टक्के आणि ओलावा 9 टक्क्यांच्या आत. एका सभासदाच्या गव्हानंतर तेच मळणीयंत्र झाडून न घेता वापरलं की इतर पिकाचे दाणे येतात, आणि त्यांची मर्यादा किलोला पाचच आहे. मळलेला माल यंत्रणेनं मान्य केलेल्या प्रक्रिया केंद्रावरच न्यायचा. नमुना तिथंच काढतात.

टॅगची मुदत तपासणीपासून 9 महिने. एप्रिलमध्ये तपासलेला लॉट जानेवारीपर्यंत चालतो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी आरामात सापडते. उरलेला माल पुन्हा तपासून पास झाला तर आणखी 6 महिने मिळतात.