वाचक विचारतात : मंचावरचा मॉनिटर का बोंबलतो?

प्रश्न : माझा बिछायत आणि साऊंडचा छोटा धंदा आहे. मंडईच्या (गावजत्रेच्या) नाटकांना १६ चॅनलचा मिक्सर लावतो. मॉनिटरसाठी (कलाकारांना ऐकू जावं म्हणून मंचाकडे तोंड केलेल्या बॉक्ससाठी) दोन चॅनलचा वेगळा अॅम्प आहे (दर चॅनल ८ ओहमवर ४५० वॉट, ४ ओहमवर ७०० वॉट) आणि ८ ओहमचे चार मॉनिटर. मेन आउटलाच वाय (एका आउटचे दोन फाटे करणारी वायर) जोडून मॉनिटरचा अॅम्प चालवतो. कलाकार म्हणतात, ‘आमाले आमचाच आवाज आयकू येत नाही.’ वाढवला की शिट्टी. मोठा अॅम्प घ्यावा का?
— साऊंड ऑपरेटर, तालुका देसाईगंज

उत्तर : अॅम्प घेऊ नका. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि शिट्टीच्या काठावर बसलेला माइक तेवढेही वाढू देणार नाही. तुमची चूक त्या वायमध्ये आहे. प्रेक्षकांना जे जातं तेच मंचावर जातं : इको, ढोलकी, सगळे माइक, सगळं एकत्र. मागच्या रांगेसाठी फेडर (चॅनलची आवाजाची सरकपट्टी) वर केला की मंचावरचा आवाजही वाढतो आणि माइक बोंबलतो.

मॉनिटरचा सिग्नल ऑक्समधून (मिक्सरच्या मेनपासून वेगळ्या जादा आउटमधून) काढा, आणि तो ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच सिग्नल घेणारा हवा. मिक्सरवर ऑक्सजवळ ‘प्री’चं बटण असेल तर दाबा; काही मिक्सरवर तोंडालाच ‘मॉन’ लिहिलेलं असतं. पोस्ट-फेडर ऑक्स इकोसाठी ठेवा. प्री असला की प्रेक्षकांचा आवाज वर-खाली केला तरी मंचावरची पातळी हलत नाही. गेन (माइकचा सिग्नल सुरुवातीलाच वाढवणारा नॉब) मात्र दोन्हीकडे लागू होतो. म्हणून तो आधी पीएफएल (फेडरच्या आधीची पातळी मीटरवर दाखवणारं बटण) दाबून, कलाकाराला नाटकातल्याच जोराने बोलायला लावून, मीटर ० च्या आसपास येईल असा बांधा. प्रयोग सुरू झाल्यावर गेनला हात लावू नका.

ऑक्स आउटपासून अॅम्पपर्यंतची वायर तीन कड्यांच्या जॅकची करा : टोक एक्सएलआरच्या (तीन पिनच्या प्लगच्या) पिन २ ला, मधली कडी ३ ला, बूड १ ला. मिक्सरचा ऑक्स बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी जाळी असलेला) नसेल तर दोन कड्यांचा जॅक घेऊन टोक २ ला द्या, आणि बूड १ व ३ दोन्हींना.

आता ओहम. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात, तीन जोडले की २.७ आणि चार जोडले की २. तुमचा अॅम्प ४ ओहमपर्यंतचा आहे, म्हणून चॅनल ‘ए’वर दोन आणि ‘बी’वर दोन बॉक्स, बस. दोन प्री ऑक्स असतील तर एक पुढच्या मॉनिटरना आणि दुसरा वादकांना द्या. एकच असेल तर अॅम्पच्या मागचा स्विच ‘पॅरलल’वर टाका, एकाच वायरीवर दोन्ही चॅनल चालतात आणि दोन्हींचा नॉब वेगळा राहतो. त्याच्याच शेजारी ‘ब्रिज’ (दोन्ही चॅनल मिळून एकच भार चालवणं) असतं. तिकडे वळू नका. ब्रिजमध्ये दर चॅनलला भाराचा निम्माच ओहम दिसतो. चार बॉक्स जोडले तर प्रत्येकाला १ ओहम. अॅम्प एक तर प्रोटेक्टमध्ये जाईल, नाहीतर धूर काढेल.

बॉक्सची वायर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या. २० मीटर लांब वायरीचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.३ ओहम होतो. तेच १ स्क्वेअर एमएममध्ये ०.८ च्या घरात. ४ ओहमच्या भारापुढे ०.८ म्हणजे सहावा हिस्सा ताकद वायरीतच जिरते. स्पीकॉनमध्ये (बॉक्सच्या फिरवून बसणाऱ्या प्लगमध्ये) १+ आणि १− वापरा आणि चारही बॉक्सना एकच रंग एकाच पिनला लावा. शेजारच्या दोनांपैकी एक उलटा लागला तर मधे उभ्या असलेल्याला आवाज पोकळ येतो आणि ऑपरेटर उगाच बास वाढवत बसतो. माइकची किंवा गिटारची जॅक वायर बॉक्सला कधीच लावू नका. आतली तार केसासारखी असते, तापते.

यानंतर जागा. तुमच्या मंचावर वरून टांगलेले माइक असतील तर शिट्टीचं खरं मूळ तिथेच आहे. माइक खाली तोंड करून आहे आणि जमिनीवरचा तिरपा मॉनिटर वर तोंड करून, दोघं समोरासमोर. अशा वेळी मॉनिटर विंगेत स्टँडवर, कलाकाराच्या कानाच्या उंचीवर, मंचाच्या आत तोंड करून ठेवा. साध्या कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणाऱ्या) माइकला बाजूने येणारा आवाज सुमारे ६ डेसिबल कमी लागतो. तुम्ही नव्या अॅम्पमधून शोधत होता त्याच्या दुप्पट हे फुकट मिळतं. शिवाय त्या मॉनिटरमध्ये टांगलेले माइक टाकूच नका, किंवा नावापुरते टाका. गाणाऱ्या नटाला स्वतःच्या आवाजापेक्षा सूर आणि ताल हवा असतो. ऑर्गन भरपूर, तबला थोडा द्या. तक्रार बहुतेक तिथेच मिटेल. पदं म्हणायला स्टँडचा माइक असेल तर मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीमागे ठेवा. माइक सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद, पण थोडं मागचंही ऐकणारा) असेल तर अगदी मागे नको, थोडा तिरपा बाजूला.

शेवटी शिट्टी काढणं. हे मंडप रिकामा असतानाच होतं. अॅम्प आणि ऑक्स यांच्यामध्ये ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर लावा. आवाजाच्या माइकना १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा घुमा कापणारं बटण) द्या. सगळे माइक उघडे ठेवून ऑक्स मास्टर हळूहळू वर न्या. पहिला सूर धरला की त्याची पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. घुमणारं ‘हूं’ बहुधा २०० ते ४०० मध्ये सापडतं, पोकळ ‘आऽ’ ८०० ते १००० मध्ये, कानात घुसणारी शिट्टी २००० ते ४००० मध्ये. असे तीन-चार सूर काढले की थांबा आणि मास्टर ४-५ डेसिबल खाली आणून ठेवा. दहा पट्ट्या पाडल्या तर आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो, आणि मग कलाकार पुन्हा ‘वाढवा’च म्हणतो.

चालू करताना मिक्सर आधी, अॅम्प सगळ्यात शेवटी. बंद करताना अॅम्प आधी.

प्रश्न : देवळात जुना भोंग्यांचा अॅम्प आहे, २५० वॉटचा. मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट असे स्क्रू आहेत. त्यावर मॉनिटर चालेल का? १०० व्होल्टला जोडला तर आवाज जास्त येतो असं ऐकलं.
— वाचक, तालुका ब्रह्मपुरी

उत्तर : चालेल. ८ ओहमचा एक बॉक्स ‘कॉम’ आणि ‘८’ वर. दोन समांतर असतील तर ‘कॉम’ आणि ‘४’ वर. बॉक्सची ताकद बघून आवाज ठेवा, २५० वॉट सगळ्यांना झेपत नाहीत. १०० व्होल्टची जागा ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी आहे. तिथे ८ ओहमचा बॉक्स थेट लावला तर पूर्ण आवाजाला हिशेब होतो १०० गुणिले १०० भागिले ८, म्हणजे १२५० वॉट. आवाज जास्त येतो हे खरं, पण तो थोडाच वेळ.

प्रश्न : आमचं खंजिरी भजनाचं मंडळ आहे. बारा जण बसून म्हणतो, सहा माइक, समोर दोन मॉनिटर. सगळे माइक उघडले की कू होतं.
— भजन मंडळाचा सदस्य, तालुका आर्वी

उत्तर : उघड्या माइकांची संख्या निम्मी केली की सुमारे ३ डेसिबल जागा मिळते. मुख्य गायकाचा एक, मागे म्हणणाऱ्यांचे दोन आणि पेटीचा एक, एवढे पुरे. खंजिरीला माइक द्यायचाच असेल तर तो मॉनिटरमध्ये नको. तिच्या झांजा बसलेल्याच्या कानाशीच वाजतात, आणि तोच तिखट आवाज मॉनिटरमधून परत आला की शब्द बुडतात.

बसणाऱ्यांसाठी तिरपा मॉनिटर फार जवळ आला तर तो छातीवर आणि माइकवर एकदमच बसतो. दीड-दोन मीटरवर ठेवा, तोंड चेहऱ्याकडे. माइक तोंडापासून चार बोटांवर हवा. वीतभर लांब गेला की ९-१० डेसिबल गेलेच, आणि तेवढे ऑपरेटर गेनने भरून काढतो. माइकची जाळी मुठीत धरायची सवय असेल तर मोडा. जाळी झाकली की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, मागच्या मॉनिटरलाही.

प्रश्न : जनसेटवर (जनरेटरवर) मॉनिटरमध्ये सतत घुर्र येते. अर्थिंगची पिन काढली तर जाते. काढून ठेवू का?
— वाचक, तालुका अर्जुनी मोरगाव

उत्तर : नाही. माइक लोखंडी जाळीचा, मंचावर दव, आणि तोंड माइकला टेकलेलं. अर्थिंग तोडून एखाद्याचा जीव जाऊ शकतो. मिक्सर आणि सगळे अॅम्प एकाच बोर्डवरून, एकाच अर्थिंगवर घ्या. तरी घुर्र राहिली तर सिग्नलच्या बॅलन्स्ड वायरीत, अॅम्पकडच्या टोकाला फक्त पिन १ सोडवा. ती वायरीतल्या तारांभोवतीची जाळी असते, सुरक्षेची अर्थिंग नव्हे. ऑर्गनमधून येत असेल तर डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. दिव्यांचे डिमर दुसऱ्या फेजवर टाका आणि त्यांच्या वायरी माइकच्या वायरींना समांतर नेऊ नका.

तीन फेजचा जनसेट असेल तर काहीही लावण्याआधी बोर्डवर मीटर धरून फेज आणि न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रलचा स्क्रू ढिला असला तर भार बदलला की तोच सॉकेट ३०० च्या वर जाऊ शकतो, आणि तेव्हा घुर्रची तक्रार करायला अॅम्प उरत नाही.